शेऱ्याचा रकाना कोरा ठेवा

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की वयात येणाऱ्या मुलींच्या आयांनी पत्रं पाठवावीत, पुढचं पान त्यांचं. पत्रं आली. निम्म्यांच्या खाली ‘कृपया नाव छापू नका’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. छापत नाही, काळजी नसावी.

मी एकतीस वर्षं नाशिकच्या सिडकोत दवाखाना चालवते. स्पेशालिस्ट वगैरे नाही, साधी फॅमिली डॉक्टर. सर्दी-खोकल्याला आलेली आई औषधाची चिठ्ठी पर्समध्ये टाकते, उठते, दाराशी जाते, मुलीला म्हणते, “तू बाहेर बस गं जरा,” आणि मग खरा प्रश्न विचारते. आजचे प्रश्न तसे दाराशी विचारलेले आहेत. मुलगी बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत असते, हे मात्र आयांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. नुकतीच नऊ वर्षं पूर्ण झाली. महिन्यापूर्वी डोक्यावरून पाणी घालताना तिच्या छातीला डाव्या बाजूला माझा हात लागला तर ती कळवळली. बघते तर आत सुपारीएवढी गाठ. एकाच बाजूला. मला रात्रभर झोप नाही. सासूबाई म्हणतात, अंडी-चिकन बंद करा, उष्ण पडतंय. मुलगी विचारत होती मला काय झालंय, मी ‘काही नाही’ म्हटलं. पाळीचं आत्ताच सांगायचं का? (एक आई, सिडको)

उत्तर : आधी झोपा. या वयाला, स्तनाग्राच्या बरोबर खाली, चकतीसारखी, दाबलं की दुखणारी गाठ म्हणजे स्तनाची कळी. वयात येण्याची मुलींमधली पहिली खूण बहुधा हीच असते आणि आठ ते तेरा या वयात ती कधीही दिसू शकते. पुष्कळ मुलींची सुरुवात एकाच बाजूने होते. दुसरी बाजू काही महिन्यांत मागून येते, आणि पुढेही दोन्ही बाजू अगदी सारख्या होतील असं नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक आयांना पहिल्यांदा कॅन्सरच आठवतो. तुमच्या मनातही तेच होतं, तुम्ही फक्त लिहिलं नाहीत.

एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मनाची शंका जाईल. तोपर्यंत ती गाठ रोज दाबून बघू नका. तेल लावून चोळू नका. एका आजींनी गाठ ‘जिरावी’ म्हणून नातीला आंबेहळदीचा गरम लेप लावला होता, तिची भाजलेली कातडी नीट व्हायला दोन आठवडे लागले. आणि कुणी तुकडा काढून तपासायचा सल्ला दिलाच, तर आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा. त्या कळीतूनच पुढे पूर्ण स्तन तयार होतो. कळीला धक्का लागला तर त्या बाजूचा स्तन नीट वाढत नाही.

अंडी-चिकन चालू ठेवा. पाळी येण्याआधीच्या दीड-दोन वर्षांत मुलींची उंची सगळ्यात वेगाने वाढते, वर्षाला सात-आठ सेंटिमीटरसुद्धा. अशा वेळी ताटातलं अंडं काढून घेणं म्हणजे घर बांधायला काढून विटा परत पाठवणं. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना माझं नाव सांगा. ‘डॉक्टरीणबाई म्हणाल्या’ हे वाक्य सिडकोत अजून चालतं.

आता पाळीचं. गाठ दिसल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे तुमची लेक सहावीच्या आसपास असेल. काहींना लवकर येते, म्हणून आत्तापासून सांगायला घ्या, पण एकदम नको. समोर बसवून, पंखा बंद करून, ‘आज मी तुला एक महत्त्वाची गोष्ट सांगणार आहे’ असं म्हटलंत तर तिला वाटेल घरात कुणीतरी गेलं. हाताला काम असताना बोलावं. वेणी घालताना, मटार सोलताना, स्कूटरवरून क्लासला सोडताना. नजरेला नजर नसली की दोघींनाही बोलायला सोपं जातं.

पहिलं बोलणं एवढंच पुरे : “छातीत गाठ लागते ना, ते तुझे स्तन तयार व्हायला लागलेत. मला पण असंच झालं होतं. थोडे दिवस दुखेल. दप्तराचा पट्टा टोचतो का?” तिला पट्ट्याचा प्रश्न आवडेल, कारण तो खरंच टोचत असतो. मऊ सुती स्लिप आणा. आणायला तिला सोबत न्या.

दुसरं बोलणं महिन्या-दोन महिन्यांनी. घरातला पॅड काढा, उघडा, चिकटपट्टी दाखवा, चड्डीला लावून दाखवा, वर दोन चमचे पाणी ओता. जाहिरातीत निळं पाणी दाखवतात, त्यामुळे एका मुलीला वाटलं होतं आपल्याला निळं काहीतरी येणार. खरं आलं तेव्हा ती शाळेच्या बाथरूममध्ये तासभर बसून होती. तेव्हा लाल म्हणा, तपकिरीसुद्धा असतं म्हणा. सगळं रक्त वाहून जातं या भीतीने मुली गळून जातात. त्यांना माप सांगा. चार-पाच दिवसांत मिळून साधारण तीस-चाळीस मिलीलिटर रक्त जातं, कटिंग चहाच्या निम्म्या ग्लासाएवढं. पाळीआधी सहा महिने-वर्षभर अंगावरून थोडं पांढरं जातं, तेही सांगून ठेवा, नाहीतर पहिली धावपळ तिथेच होते.

आणि कावळ्याला रजा द्या. आमच्या लहानपणी आईला कावळा शिवायचा. मी आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यात कौलांवर नजर ठेवून बसायचे, हा कावळा नेमका आईलाच कसा शोधतो म्हणून. काही वर्षांपूर्वी सात वर्षांच्या एका पोरीने मला तपासणीच्या टेबलावरून गंभीरपणे विचारलं, “डॉक्टर, तुम्हाला पण कावळा शिवतो का? मग तुम्ही इंजेक्शन का घेत नाही?” म्हणजे कावळा अजून आहे. पाळी म्हणा, मासिक पाळी म्हणा, पिरियड्स म्हणा, डेट म्हणा, काहीही चालेल. मुलीला कळलं पाहिजे की ते तिच्या पोटातल्या गर्भाशयातून येतं आणि शू येते ती जागा वेगळी. पन्नाशीतल्या कितीतरी बायका माझ्याकडे येऊन ‘खाली दुखतंय’ एवढंच सांगतात. खाली म्हणजे गुडघाही असतो. योनी हा शब्द एकदा स्वयंपाकघरात मोठ्याने उच्चारून बघा, छताला तडा जात नाही.

डॉक्टरांकडे मुद्दाम जायचं ते असं : आठ वर्षांच्या आत छाती वाढायला लागली तर, तेरा पूर्ण होऊनही काहीच सुरुवात नसेल तर, पंधरा पूर्ण होऊनही पाळी नसेल तर, किंवा छाती वाढायच्या आधीच रक्त दिसलं तर. तुमच्या मुलीच्या बाबतीत यातलं काही नाही.

राहिलं ‘काही नाही’ हे उत्तर. नऊ वर्षांच्या मुलीला दुखतंय, आईचा चेहरा उतरलाय आणि आई म्हणते काही नाही. ती त्याचा अर्थ लावते की हे बोलायचं नसतं. आज रात्री तिला सांगा की त्या दिवशी मला माहीत नव्हतं, आता माहीत झालं.

प्रश्न : मी १३ वर्षांची आहे. माझ्या ओठांवर लव आहे. वर्गात मला मिशी म्हणतात. आई म्हणते आत्ता काही करायचं नाही, ब्लेड लावलं तर जाड येतात. खरं आहे का? (तू नाव लिहिलं नाहीस, बरं केलंस.)

उत्तर : ब्लेडने केस जाड होत नाहीत. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून नंतर हाताला खरखरीत लागतं, एवढंच. मूळ त्वचेच्या आत, त्याला वरच्या ब्लेडचा पत्ताही नसतो. थ्रेडिंग करायचं असेल तर कर, नको असेल तर नको. दोन्हीत काही बिघडत नाही. फक्त हनुवटीवर, गालांच्या कडेला जाड काळे राठ केस येत असतील आणि पाळी सुरू होऊन दोन वर्षं झाल्यावरही दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसेल, तर आईला घेऊन डॉक्टरकडे जा. हे उत्तर आईला वाचायला दे. मिशी म्हणणाऱ्या पोरांना येत्या एक-दोन वर्षांत स्वतःची मिशी येईल आणि तिचं काय करायचं हे त्यांना कळणार नाही, तेव्हा बघ.

प्रश्न : माझी मुलगी १२ वर्षांची, सावळी. माझ्या नणंदबाई प्रत्येक सणाला घरी आल्या की तिला बघून म्हणतात, ‘आणखी एक शेड खाली गेली गं.’ सगळे हसतात, मीही हसते. मुलगी आधी सकाळी कान्हेरे मैदानावर पळायला जायची, ‘काळी पडते’ म्हणून दिवाळीपासून बंद केलं. आता कळलं की मैत्रिणीने दिलेली क्रीम ती तीन महिने लावतेय. गोरी झाली थोडी, पण गाल लालबुंद दिसतात, बारीक पुळ्या आल्यात. (एक आई, पंचवटी)

उत्तर : क्रीमपासून सुरू करू, कारण त्यात थांबायला वेळ नाही. ट्यूब आणा आणि मागचं बारीक अक्षर भिंगातून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. ही औषधं वाईट नाहीत, एक्झिमाला मी स्वतः लिहून देते, पण मोजक्या दिवसांसाठी. चेहऱ्याला महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, खालच्या शिरा दिसायला लागतात, पुळ्या येतात, गालांवर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. आणि लावणं बंद केलं की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, मग मुलगी घाबरून पुन्हा लावते. असा फेरा असतो. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतात, पार्लरच्या डबीतून, मैत्रिणीच्या दप्तरातून. ट्यूबवर घटकांची यादीच नसेल तर आणखी वाईट, कारण काही गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पाऱ्याने किडनीला इजा होते. या आठवड्यातच ट्यूबसकट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तिच्यावर ओरडू नका. तिने चोरून सिगारेट ओढलेली नाही, आत्याला आवडावं म्हणून तोंडाला काहीतरी लावलंय.

रंगाचं शास्त्र थोडक्यात. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसात त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. त्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य किती आणि कोणत्या प्रकारचं बनवतात यात फरक असतो, आणि तो आई-बापाकडून येतो. उन्हात जास्त मेलॅनिन तयार होतं ते आतल्या पेशींना वाचवायला. म्हणजे मैदानावरून काळवंडून आलेल्या मुलीच्या कातडीने तिचं काम चोख केलेलं असतं. आपण तिला त्याबद्दल बोलणी खायला लावतो.

आणि पळणं बंद? नाशिक जिल्ह्यात? सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली. दहा हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या. त्यासाठी आधी किती वर्षं किती उन्हातून पाय झिजवावे लागले असतील ते तुमच्या मुलीला विचारा. तिला माहीत असेल, पळणाऱ्या मुलींना हे सगळं पाठ असतं. सोमवारपासून तिला मैदानावर सोडा. सनस्क्रीन लावायचं असेल तर लावू दे, त्वचेला ते चांगलंच, फक्त ‘गोरी राहशील’ म्हणून देऊ नका.

तुम्ही पंचवटीतल्या. काळारामाचं देऊळ तुमच्याकडे, गोरारामाचंही तुमच्याकडे. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, यातला चांगला राम कुठला? ती म्हणाली, “नैवेद्य दोघांना तोच.” किती छान उत्तर, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण हीच आजी कुणी पाहुणे येणार असले की मला मोरीत बसवून डाळीच्या पिठाने कोपरं सोलून निघेपर्यंत घासायची. देवाला एक न्याय आणि नातीला एक. त्यामुळे नुसत्या काळारामाच्या गोष्टीवर फार भरवसा ठेवू नका. मुली गोष्टीपेक्षा कोपरं लक्षात ठेवतात.

आता नणंदबाई. आपल्या प्रगतीपुस्तकात मार्कांच्या पुढे एक शेऱ्याचा रकाना असायचा. ‘हुशार आहे पण बडबड करते.’ मुलगी वाढायला लागली की सगळ्या नातेवाइकांना वाटतं तिच्या अंगावर असा एक रकाना छापलाय आणि तो भरायची जबाबदारी आपली. केवढी वाढली! किती सुकली! काळवंडली! तुम्ही हसलात म्हणजे खाली पालकांची सही केलीत. पुढच्या वेळी मुलीच्या देखत, आवाज न चढवता म्हणा, “ताई, तिच्या रंगावर बोलू नका. मला आवडत नाही.” बस. मागे ‘बरं का’ जोडू नका, हसू नका, लगेच ‘चहा टाकू का’ म्हणू नका. दोन मिनिटं घरात अवघड शांतता होईल. होऊ द्या. मुलगी ऐकत असेल, आणि ते वाक्य तिच्यासाठीच आहे.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची. गेलं वर्षभर पोट, मांड्या भरल्यात. रात्रीचं जेवण सोडलंय, पोळी अर्धी. फोनवर स्वतःचे फोटो बारीक करून बघते. मी स्वतः डाएटवर आहे त्यामुळे मला समजतं तिचं, पण काळजी वाटते. आणखी एक, तिची मान मागून काळी पडलीय, कितीही घासली तरी निघत नाही. (एक आई, गंगापूर रोड)

उत्तर : मान घासणं आजपासून बंद. लिंबू नको, दगड नको, बेसन नको. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा येतो तो मळ नव्हे. पुष्कळदा ती शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची खूण असते. मळ समजून आया घासतात, मुलगी अस्वच्छ आहे म्हणून शाळेतही बोलणी खाते, आणि साखर तपासायची राहून जाते. मानेची कातडी सोललेली अशी मुलगी मला वर्षातून दोन-तीनदा तरी बघावी लागते. तिची उपाशीपोटीची साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन करून घ्या. हिमोग्लोबिन का, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या देशातल्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय निघाला होता. बाराच्या खाली असेल तर त्यावर इलाज हवा. अर्ध्या पोळीने तो होत नाही.

मांड्या भरणं हा या वयाचा धर्म आहे. पाळी सुरू होण्याच्या सुमारास मुलींच्या शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं, कंबर रुंदावते, आणि पाळी आल्यावर उंची थोडीच वाढते, बहुतेकींची पाच-सात सेंटिमीटर. म्हणजे आधी उभी वाढलेली मुलगी आता आडवी भरते. आपण ते बघून घाबरतो आणि नेमकं त्याच वर्षी तिच्या ताटाकडे बघायला लागतो.

वजन कमी करायला हवं की नको, हे डॉक्टरांना तिची उंची आणि वजन तक्त्यावर बघून ठरवू द्या. काळ्या मानेमुळे प्रश्न विचारायलाच हवा, पण रात्रीचं जेवण सोडणं हे त्याचं उत्तर नव्हे. रात्री उपाशी राहिलेली मुलगी दुपारी क्लासवरून येताना दोन वडापाव खाते, आणि खाल्ल्याची लाज वाटते म्हणून पुन्हा रात्री जेवत नाही. घरातल्या सगळ्यांनी गोड चहा-बिस्किटं कमी करावीत, रोज तासभर घाम येईल असं काहीतरी करावं. तिच्या एकटीच्या ताटात वेगळं काही वाढू नका. आणि या खुणांवर लक्ष ठेवा : जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बसणं, चक्कर, केस मुठीने गळणं, सुरू असलेली पाळी तीन महिने बंद. यातलं काही दिसलं तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लागलं तर जा. वजनाचं भूत मानगुटीवर बसलेल्या मुलीला ‘खा गं’ म्हणून काही होत नाही.

‘मी स्वतः डाएटवर आहे त्यामुळे समजतं’ या वाक्यापाशी मी थांबले. आता माझं ऐका.

माझी मुलगी तेरा वर्षांची असताना घरात लग्न होतं. मेनरोडच्या आमच्या नेहमीच्या टेलरकडे तिचं पहिलं परकर-पोलकं शिवायला टाकलं. टेप लावलेला, टेलर आकडा सांगतोय, त्यांचा मुलगा वहीत लिहितोय. मी पुढे वाकून वही बघितली आणि हसत म्हणाले, “अगं बाई, हिने तर मला मागे टाकलं!” कौतुक होतं हो ते. मी त्याच दिवशी सकाळी दवाखान्यात दोन आयांना समजावलं होतं, मुलींच्या अंगावर टोमणे मारू नका म्हणून. लग्नात मुलगी परकर-पोलक्यावर शाल घेऊन बसली, मे महिन्यात. मी म्हटलं, काय हा हट्ट. पुढची तीन वर्षं तिने ढगळ शर्टाशिवाय काही घातलं नाही, आणि मला वाटत राहिलं ती फॅशन आहे.

ती आता पुण्यात नोकरी करते. मागच्या वर्षी दिवाळीच्या खरेदीला ट्रायल रूममधून बाहेर आली, आरशात बघत मला म्हणाली, “आई, तुला तो आकडा आठवतो का? मला आठवतो.” मला आठवत नव्हता. तिने सांगितला. काय बोलावं ते सुचेना, मी तिच्या ड्रेसची चेन लावत राहिले.

दवाखान्यात आल्यावर मी पहिली एक गोष्ट केली. आमच्या मावशी वजन करायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, “मॅडम, अठ्ठावन्न!” बाकावर बसलेले दहाजण ऐकायचे. सर्दीला आलेल्या एका मुलीने काट्यावर चढायलाच नकार दिला होता, मी तिला हट्टी समजले होते. आता मावशी आकडा चिठ्ठीवर लिहितात, घडी घालतात आणि माझ्या हातात देतात. मावशींना हे अजून पटलेलं नाही.

तुम्ही डाएट करा, तुमची तब्येत आहे. पण आरशासमोर ‘शी, काय ते पोट’ म्हणणं मुलीच्या कानावर जाईल असं करू नका. तिचं पोट तुमच्याच घडणीचं आहे. आणि फोटो बारीक करणाऱ्या फोनवर चिडण्याआधी, कुटुंबाच्या ग्रुपवर तुम्ही टाकलेल्या शेवटच्या फोटोवर काय काय पुसलंत ते आठवा.

प्रश्न : मी प्रेसमध्ये नोकरीला आहे. पत्नीची बदली मालेगावला झालीय, ती शनिवार-रविवार येते. मुलगी १२ वर्षांची, माझ्याजवळ असते. आताशा खोलीचं दार लावते, स्कूटरवर मागे बसताना मध्ये दप्तर ठेवते. पूर्वी गळ्यात पडायची. मी लांब राहावं का? पाळी आली तर मी काय करायचं, हे विषय वडिलांनी बोलावेत का? (एक वडील, नाशिकरोड)

उत्तर : दप्तर राहू द्या, पण तुम्ही लांब जाऊ नका. या वयात मुलीच्या छातीला साधा धक्का लागला तरी दुखतं आणि तिला तिचं अंग नवीन असतं, म्हणून दप्तर. बाबांचा राग आला म्हणून नव्हे. पुष्कळ वडील या वयात एकदम हात आखडता घेतात, डोक्यावरून हात फिरवणंसुद्धा बंद करतात, आणि मुलीला वाटतं मी आता बाबांना आवडत नाही, कारण मी अशी झाले. दार वाजवून आत जा. गळ्यात पडली तर पडू द्या, नाही पडली तर ओढू नका. संध्याकाळी रोज जे करत होता, पत्ते असतील, कॅरम असेल, गणितं असतील, ते चालू ठेवा.

पाळीचं तुम्ही नक्की बोला. पहिली पाळी शनिवार-रविवार बघून येत नाही. पत्नीला सांगा की या रविवारी तिघं बसून बोलू, म्हणजे मुलीला कळेल की बाबांना हे माहीत आहे आणि माहीत असलेलं चालतं. मग तुम्ही एवढं सांगा : “आई नसताना आलं तर मला नुसतं ‘आलं’ म्हण. पॅड कपाटात डाव्या हाताला आहेत. पोट दुखलं तर गरम पाण्याची पिशवी आहे. शाळेत आलं तर बाईंना सांग, मला फोन करायला लाव, मी येतो.” दप्तरात एक छोटी पिशवी ठेवा. दोन पॅड, एक चड्डी, कागदात गुंडाळायला जुना पेपर. पॅड साधारण चार ते सहा तासांनी बदलायचा, कमी रक्त असलं तरी. पहिली एक-दोन वर्षं तारखा मागेपुढे होतात, तेव्हा कॅलेंडर बघून चिंता करत बसू नका. पण दर तासाला पॅड भिजत असेल किंवा आठ दिवस थांबतच नसेल तर मात्र थेट डॉक्टरांकडे.

दुकानात जाल तेव्हा दुकानदार सवयीने पुडा वर्तमानपत्रात गुंडाळेल, वर काळी पिशवी. राहू द्या म्हणा. स्कूटरच्या हुकाला दुधाच्या पिशवीशेजारी तसाच अडकवा. आणि निघण्याआधी कुठला आणायचा ते घरी विचारून निघा, त्यात लांब, आखूड, पंखांचा, बिनपंखांचा असे बरेच प्रकार आहेत. पहिल्यांदा तुम्ही चुकीचाच आणाल. ती बदलून आणायला पाठवेल, तेव्हा जा.